तिच्या वजनाचा गूळ

गेल्या महिन्यात दुपारी इन्स्टावर एक रिक्वेस्ट आली. फोटोत बारीक कापलेल्या केसांची, गुबगुबीत गालांची मुलगी. ही कोण म्हणून मी डिलीटच करणार होते, मग भुवईवरची खूण दिसली. आमच्या सायकली धडकल्या होत्या तेव्हाची.

अकरावीत ती आणि मी शहाद्याला एका बाकावर बसायचो. मी कळसाडीची, ती सारंगखेड्याची. त्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. घरचे तिला सुरतला घेऊन गेले आणि तिकडेच राहिले. आधी आमचं चॅटिंग व्हायचं, मग तिचा नंबर बंद. गावात कोणी म्हणे बरी आहे, कोणी नुसतं गप्प बसायचं. मग मी विचारायचंच सोडलं. भीती वाटायची.

आणि आता ही समोर! मी धडाधड टाइप करत सुटले. कधी बरी झालीस, सांगितलं का नाहीस, कुठे आहेस. तिने एवढंच लिहिलं, "तीन वरीस व्हयनात."

तीन वर्षं! मला आनंद झाला की राग आला, खरंच कळलं नाही. कारण ती गेली तेव्हा मी सारंगखेड्याच्या दत्ताला नवस बोलले होते. ती बरी झाली की यात्रेत तिची गुळाची तुला करीन. म्हणजे एका पारड्यात ती, दुसऱ्यात तिच्या वजनाचा गूळ, तो मग सगळ्यांना प्रसाद. आणि तोपर्यंत मी गूळ खाणार नाही. आमचा ऊस, शेजारी गुऱ्हाळ, तिथे ताजा गरम गूळ हातावर देतात, आणि मी चार वर्षं नको नको करतेय. त्यातली तीन उगाच?

मी सगळं लिहून टाकलं, खाली हसण्याचे इमोजी. तिने वाचलं. उत्तर नाही. दोन दिवस नाही.

मायला विचारलं तर ती म्हणे नवस देवाला बोललाय, मैत्रिणीला नाही, फेडावाच लागेल. मला मात्र वाटत होतं, ही पुन्हा गायब झाली तर?

तिसऱ्या दिवशी व्हॉइस नोट आली. आवाज तोच.

"माले काटावर बसाडू नको वं. तठे दवाखानामा रोज मन्हं वजन करेत. सगळा काटाकडे देखेत, मन्हाकडे कोणी नही. तू बी."

मी बी? मला पटेना. मी जुनी चॅट उघडली. रोज सकाळी माझा मेसेज, आज वजन वाढलं का. रोज. खाली तिचा एक आकडा, पुढे नुसता अंगठा, पुढे काहीच नाही. मला तर वाटायचं मी काळजी करतेय. करतच होते ना? मग तिला तो काटा का वाटला? मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुठेच मी विचारलं नव्हतं की काय करतेस, कंटाळा येतो का.

मी लिहिलं, चुकलं माझं. पण नवसाचं काय करू, तूच सांग.

ती म्हणाली, "तू बस. गूळ मी ठेवसू. मंग तुन्हं वजन सगळासमोर सांगसू."

आता हे चालतं का? माय म्हणते असं कुठे असतं का, बरी ती झाली आणि तोलायचं तुला? पुजाऱ्याला विचार म्हणते. मी अजून विचारलं नाही. ते नाही म्हणाले तर मी कोणाचं ऐकू?

ती यात्रेला येतेय, हे नक्की. काल मी तिला मेसेज करायला बसले. कशी आहेस लिहिलं, पुसलं. जेवलीस का लिहिलं, तेही पुसलं, त्यातही वजनच आलं. काय विचारतात मैत्रिणीला, मला आठवेचना.

तेवढ्यात तिकडूनच आलं, "काय टाइप करी ऱ्हायनी वं इतलं?"