लाल गाडीचा हँडब्रेक

रात्रभर धुकं गळत होतं. सकाळी शेडचं शटर वर केलं, तर पत्र्याच्या कडेला साचलेलं पाणी थेट ड्रायव्हर डबलक्लचच्या मानेवर. त्याने मान पुसली, दिवे लावले आणि गाडीवरची सुती चादर बोनेटपासून दुमडत मागे नेली. आज ती परत घालायची नव्हती. गाडी चालली होती.

डबलक्लच हे नाव त्याला ट्रकवर असताना पडलं. जुने, दात खाणारे गिअरबॉक्स. एका गिअरला दोनदा क्लच दाबावा तेव्हा कुठे दांडा आत जायचा. पुढे तो साहेबांकडे लागला. घरची गाडी ऑटोमॅटिक. "उजवा पाय कमावतो अन् डावा नुसता पाहुण्यासारखा बसून असतो," असं तो बायकोला सांगायचा.

शेडमधली लाल गाडी मात्र वेगळी. इटालियन, दोघांपुरती, बुटकी. तिच्या जातीच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिकच निघाल्या. हाताने गिअर टाकायच्या फार थोड्या, म्हणून शौकिनांच्या तिच्यावर उड्या. दोन सीटांच्या मधे चकचकीत धातूची पट्टी, पट्टीत खाचा, खाचांतून फिरणारा बारीक दांडा. गिअर पडला की कडी बसल्यासारखा आवाज यायचा, टक! डबलक्लचने ती इतकी वर्षं धुतली, पुसली, तिच्या टायरांत हवा भरली. चालवायचे मात्र साहेब, तेही एखाद्या सुट्टीच्या सकाळी. दुसऱ्या कुणाचा पाय तिच्या क्लचवर पडलेला त्यांना खपायचा नाही.

"माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलंत का हो?" बायको विचारायची.

"तुला कुठे पॉलिश लागतं," असं म्हणून तो वेळ मारून न्यायचा.

मग साहेबांचा डावा गुडघा कामातून गेला आणि गाडी एका शौकिनाला विकली गेली. न्यायला येणारा बंद ट्रक एवढा लांब, की गल्लीच्या वळणातून आत शिरेना. साहेब म्हणाले, "मोठ्या रस्त्यापर्यंत तूच ने. एवढा तुझा हक्क आहे."

झालं! त्या दिवसापासून डबलक्लच जमिनीवर नव्हता. मनातल्या मनात फाटकापर्यंत पहिला गिअर, फाटकाबाहेर दुसरा, शिंप्याच्या दुकानापाशी तिसरा. बायकोला आणि मेहुण्याला त्याने शिंप्यापाशीच उभं राहायला सांगितलं होतं. "बघू नका एक वेळ, पण आवाज ऐका."

आता तो आत बसला. इंजिन गुरगुरलं. पहिला गिअर, टक! अंगावर काटाच आला. त्याने हळूहळू क्लच सोडला. गाडी मागच्या चाकांवर जराशी बसली आणि तिथेच थांबली. पुन्हा सोडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आचका देऊन बंद.

"काय रे?" साहेब काठी टेकत पुढे आले.

डबलक्लचची नजर हँडब्रेककडे गेली. या शेडचा नियमच होता, उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढायचा नाही, चाकांखाली लाकडी ठोकळ्याची उटी लावायची. ओल्या हवेत ब्रेक धरून बसतात. काल संध्याकाळी त्याने गाडी धुतली, मग आत बसून, इंजिन बंद ठेवूनच, गिअर टाकायची तालीम केली आणि उतरताना ट्रकवरच्या जुन्या सवयीने हँडब्रेक ओढला. सकाळी बसल्या बसल्या सोडलाही असणार. हाताने दोन्ही कामं डोक्याला न विचारता केली होती.

"साहेब, ब्रेक चिकटलाय. जरा रेस दिली की सुटेल."

"रेस? तिचा क्लच जाळतोस? बंद कर!"

"एकदाच, साहेब..."

"बंद कर म्हटलं ना!"

गाडी न्यायला आलेला ट्रकवाला, त्याचा जोडीदार आणि बंगल्याचा माळी असे तिघे मागून ढकलायला लागले. गाडी पुढे-मागे हलवली. फट्! चाक सुटलं.

"सुटलं साहेब! करू चालू?"

साहेबांनी ट्रकवाल्याकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. "नको. पुढे रस्ता सपाटच आहे, असेच ढकलत न्या. तू फक्त स्टीअरिंग धर."

डबलक्लचने स्टीअरिंग धरलं. निघाली वरात! आत तो, मागे तिघांची धाप. रांगणारं पोर पुढे जाईल अशी चाल. शिंप्यापाशी बायको ठेवणीतले कपडे घालून उभी. शेजारी मेहुणा, फोन उगारून.

"दाजी, आवाज कुठाय?"

"मागून येतोय, ऐक!" माळी धापा टाकत ओरडला. "फोन ठेव अन् हात लाव!"

मेहुणा हसत हसत मागे गेला. बायको गाडीच्या बाजूने चालू लागली. पाऊल वाढवायचीसुद्धा तिला गरज पडली नाही.

"बिघडली का हो?"

"मीच बिघडवली. हँडब्रेक ओढून ठेवला होता."

"घराचं कुलूप चारदा ओढून बघता, तसंच ना?"

त्याच्या डाव्या पायाला राहवेना. त्याने क्लच दाबला आणि दांडा खाली खेचला. दुसरा गिअर. टक!

"ऐकलंस?"

"काय?"

मागे मेहुणा कसल्याशा विनोदावर खिदळत होता. "काही नाही," तो म्हणाला आणि दांडा परत मधे आणला.

मोठ्या रस्त्यावर गाडी फळ्यांवरून वर ओढली गेली, पट्टे आवळले, दारं लागली. ट्रक दिसेनासा होईपर्यंत साहेब बघत राहिले. मग नाक शिंकरून म्हणाले, "बाईसाहेबांना बाहेर जायचंय. ती दुसरी धुऊन ठेव."

डबलक्लचने ऑटोमॅटिक गाडी नळापाशी आणली. थांबताना डावा पाय एकदा उगाच रिकाम्या जागी दाबला गेला. त्याने इंजिन बंद केलं आणि उतरता उतरता खस्सकन हँडब्रेक ओढला.

"मेला हात!" तो पुटपुटला आणि बादली नळाखाली लावली.