सातावरून दोनवर आणलेला वाटाड्या

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उत्तरपत्रिका सोडल्या तर दोन पानांच्या वर मी कधी काही लिहिलेलं नाही. त्यातून विषय खेळाचा. गावी, दवनीवाड्याला, आईला कळलं तर ती एवढंच विचारेल, "अन् अभ्यास?" तरी लिहितो, कारण त्या खेळात मी एका मित्राशी चुकीचं वागलो आणि ते दुसऱ्या कुठल्या कागदावर लिहिता येणार नाही.

खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा असतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. प्रत्येकाच्या माणसाचा एक कागद असतो आणि त्यावर त्याच्या शक्ती आकड्यांत लिहिलेल्या असतात. काही अवघड करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या शक्तीचा आकडा मिळवायचा. बेरीज मोठी आली तर जमलं, नाहीतर फसलं. असा फासा गोंदियात कुठे मिळतो ते आम्हाला माहीत नव्हतं. मी वीस चिंचोके घेतले, त्यांवर एक ते वीस आकडे लिहिले आणि कापडी पिशवीत टाकले. नियम मोबाईलवरच्या इंग्रजी पुस्तकातून, डिक्शनरी शेजारी ठेवून, हळूहळू वाचले होते. म्हणून गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं.

दर रविवारी दुपारी कॉलेजच्या लायब्ररीमागच्या ओट्यावर आम्ही चौघं बसायचो. गोंदियातल्या कापड दुकानदाराचा मुलगा तलवारवाला होता. सडक अर्जुनीची एक वर्गमैत्रीण जादूगारीण झाली होती. आणि माझा खोलीसोबती, कोहमाऱ्याच्या आतल्या जंगलातल्या गावचा, वाटाड्या.

वाटाड्याची शक्ती होती जंगल वाचण्याची, सात गुणांची. तलवारवाल्याच्या तलवारीलाही सातच होते. कागदावर सगळं बरोबर होतं. पण माझा मित्र नुसता चिंचोका काढून थांबायचा नाही. मी म्हणायचो, समोर दाट झाडी आहे. तो विचारायचा, "वारूळ आहे का? ताजं उकरलं आहे का?" मी गडबडून हो म्हणायचो. "मंग अस्वल येऊन गेलं. आपण तिकडून नाही जाऊन राहिलो." चार रविवार पुरतील म्हणून मी रचलेले सापळे त्याने एका दुपारी पार केले. वांदरं कुठे ओरडतात, चितळ कुठल्या बाजूला पळालं, यावरून तो सगळ्यांना जिथे पोचायचं होतं त्या गुहेपर्यंत आरामात घेऊन गेला.

तलवारवाला वैतागला. "यार, मैं क्या इधर समोसे खाने आता हूँ? एक बार भी तलवार नहीं निकली."

"काढ ना मंग," मित्र म्हणाला, "काकडी काप."

आम्ही सगळे हसलो. त्या दिवशी परत येताना मित्र मला म्हणाला होता, "इथंच माह्या गावच्या गोष्टीले मार्क भेटतेत, बापा." वर्गात तो फारसा बोलत नसे. पहिल्या वर्षी एकदा उत्तर देताना त्याची बोली ऐकून मागचे बाक हसले होते. तेव्हापासून तो तोंड उघडायचा तो रविवारीच. हे मला माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

पुस्तकात संतुलनावर एक प्रकरण होतं. एकाची शक्ती फार झाली तर बाकीच्यांचा खेळ मरतो, असं त्यात होतं. ते मी दोनदा वाचलं आणि मला वाटलं, आता मला कळलं. पुढच्या रविवारी मी वाटाड्याचा नवा कागद आणला. जंगल वाचणं सातावरून दोनवर, आणि तेही दिवसातून एकदाच.

त्याने कागद वाचला. मग शांतपणे विचारलं, "याचे डोये काऊन फोडलेस?"

"फोडले नाही रे. संतुलनासाठी केलं."

त्याने तलवारवाल्याकडे बोट दाखवलं. "याची तलवार त तशीच आहे ना?"

तलवारीचा आकडा बदलायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. त्याने पिशवीत हात घातला. तीनचा चिंचोका निघाला. तीन आणि दोन पाच. वाटाड्याने सगळ्यांना दलदलीत नेलं. "चला," तो म्हणाला, "चुकलो आपण." संध्याकाळपर्यंत तो बसला, पण एकदाही वारुळाबद्दल विचारलं नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. परीक्षा संपली तशी त्याने पेटी बांधली. वनरक्षकाच्या भरतीची तयारी करायला देवरीला मामाकडे जातो, एवढंच म्हणाला. मी फोन केले, मेसेज टाकले. उत्तर नाही. भरतीमुळे गेला की माझ्यामुळे, हे मला कळेना. विचारायची हिंमतही होत नव्हती.

मामाचा पत्ता माझ्याकडे नव्हता, म्हणून एप्रिलमध्ये मी त्याच्या गावी गेलो. कोहमाऱ्याला उतरून पुढे जीप आणि मग पायी. तो घरी नव्हताच, मामाकडेच होता. गावात रेंज नव्हती. त्याच्या आईने मला जेवू घातलं आणि ठेवून घेतलं. पहाटे त्या मोहफूल वेचायला निघाल्या तेव्हा मीही सोबत गेलो. सात-आठ बाया होत्या. सगळ्यांचं पाणी एकाच मोठ्या डब्यात, आणि तो डबा काकूंच्या हातात. मला लाज वाटली. म्हटलं, "काकू, द्या इकडं, मी घेतो."

"तुले वाट माहीत आहे का?"

"नाही."

"मंग कायले मागतेस? ज्याले वाट माहीत त्याच्याजवळच डबा राहते. नाहीतर तो जाते भरभर निघून, अन् मागचे बसतेत हाका मारत."

मागची एक बाई म्हणाली, "मागच्या साली हिनं डबा दुसरीले देल्ला होता. हे पुढं, आमी नाल्यात!"

सगळ्या हसल्या. मी मात्र चालता चालता थांबलो. वाट माहीत असलेल्या बाईचं इथे कुणी काही कमी केलं नव्हतं. फक्त सगळ्यांची तहान तिच्या हातात दिली होती.

दुपारी त्यांच्या अंगणात बसून मी वाटाड्याचा कागद पुन्हा लिहिला. जंगल वाचणं सात, दिवसातून हवं तितक्या वेळा. पण सगळ्यांचं पाणी त्याच्याकडे. डबा हातात असेतो त्याला पळता येणार नाही, धनुष्य उचलता येणार नाही, आणि हल्ला झाला तर तलवारवाल्याने त्याच्यापुढे उभं राहायचं. खाली लिहिलं, "मी तुझे डोळे फोडायला नको होते." कागद काकूंच्या हाती दिला आणि परतलो.

मे गेला, जून गेला. कॉलेज सुरू झालं. रविवारी आम्ही तिघं ओट्यावर बसायचो, पण खेळ काही जमायचा नाही. जादूगारीण एकदा म्हणाली, "वाटाड्या नाही, त आपण जाऊन कुठं राहिलो?"

परवा मेसच्या रांगेत उभा होतो तेव्हा मोबाईल वाजला. अनोळखी नंबरवरून मेसेज होता.

"भरतीचं ग्राऊंड पास झालो. यादीत नाव आहे. तुया कागद आईनं तीन महिने तांदळाच्या कणगीत ठेवला होता, काल भेटला. एक चूक आहे त्याच्यात. पाणी पिऊन पिऊन डबा रिकामा झाला, मंग वाटाड्या पळू शकते का नाही? हे लिवलं नाहीस. रविवारी येऊन राहिलो. चिंचोके आणजो."