देव्हाऱ्यातल्या कॉटर पिना

आमच्या घरात माझ्याबद्दलचं काहीही विचारायचं असलं की ते माझ्या नवऱ्याला विचारतात. मी तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेली असते. "तिला बरं हाय का रे?" "तिची बदली व्हायची हाय का?" मला जीभ आहे, मी शाळेत साठ पोरांना गप्प बसवते, तरी सासऱ्यांचा प्रश्न माझ्या डोक्यावरून जाऊन नवऱ्याच्या कानात पडतो. चहा टाक म्हणायला मात्र मध्ये कुणी लागत नाही.

गाडीचंही तेच. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून माझ्या उजव्या पायाला कॅलिपर आहे. म्हणून नांदेडच्या एका वर्कशॉपमधून मी मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे एका ॲक्सलवर दोन चाकं बसवून घेतली. दोन्हीकडे चाकाबाहेर एकेक जाड नट आणि तो फिरून सुटू नये म्हणून ॲक्सलच्या भोकातून आरपार घातलेली कॉटर पिन. पिनेचे दोन पाय वाकवले की नट जागचा हलत नाही. हे सगळं मी मिस्त्रीला खोदून खोदून विचारलं होतं. प्रश्न माझे, आणि तो उत्तरं देत होता नवऱ्याकडे बघून. नवऱ्याला साधी सायकलही धड येत नाही.

गोठ्यातली देवणी बैलांची जोडी विकली त्याला बरीच वर्षं झाली. माझं माहेर देवणीकडचंच, त्यामुळे ती जोडी दारात होती तोवर मला या घरात जरा माहेरचं वाटायचं. बैलगाडी होती तेव्हा पोळ्याला, चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला ठोकलेल्या खिळी काढून, धुऊन, हळदकुंकू लावून रात्रभर देव्हाऱ्यात ठेवायची या घरची रीत होती. त्या दिवशी चाकांनी विसावा घ्यायचा. सासरे आखाला वंगण देऊन ठेवायचे आणि दुसऱ्या सकाळी खिळी परत ठोकायचे.

गेल्या पोळ्याला त्यांनी माझी गाडी पुजली. हँडलला हळद-तूप चोळलं, आरशाला गोंडा बांधला, पुढे नैवेद्य ठेवला. मी चुलीपाशी पोळ्या लाटत होते, तिथून मला सगळं दिसत होतं आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं. आपल्या गाडीला या घरानं बैलाचा मान दिला असं वाटून डोळे भरून आले होते. एवढी मी भोळी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला मागे बसवून शाळेला निघाले. ती माझ्याच शाळेत, दुसरीत आहे. गाव मागे पडलं, भोकरचा रस्ता लागला आणि पहिल्याच गतिरोधकाला मागून खडखड असा आवाज आला. हँडल उजवीकडे ओढायला लागलं. मी गाडी कडेला घेतली, मुलीला उतरवलं आणि जमिनीवर बसून सरकत सरकत चाकापाशी गेले. नट शेवटच्या दोन आट्यांवर लोंबत होता. पिन नव्हती. दुसऱ्या बाजूलाही नव्हती. भोकात नुसतं ताजं वंगण.

तेवढ्यात दोघं जण मोटारसायकलवरून आले आणि थांबले. एकानं विचारलं, "दादा कुठं गेले?"

"कोणते दादा?"

"गाडी कोण चालवून राहिलं मग?"

"मी!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की तो दचकला. त्यांना वाटेला लावलं. सीटखालचा पाना काढून दोन्ही नट आवळले, केसांतल्या पिना काढून भोकांत घातल्या, वाकवल्या आणि माणसाच्या चालीनं गाडी परत घराकडे आणली. मुलगी शेजारून चालत होती. "आई, तू कुणावर रागावलीस?" असं तिनं विचारलं, पण तोवर ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर पिनांचं विचारलं, तेव्हा कळलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, देव्हाऱ्यात हायत की. समद्यांना माहीत हाय."

समद्यांना! सासऱ्यांनी पिना काढल्याचं नवऱ्याला रात्रीच सांगितलं होतं. जाऊबाईंनी त्या पिनांना स्वतः कुंकू लावलं होतं. शेजारच्या काकूंना माहीत होतं. उन्हं वर आली की लावू, असं बापलेकांचं ठरलं होतं. माझी शाळा सकाळची असते, हे मात्र दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती गाडी चालवणारी घरात एकच बाई, आणि नेमकं तिलाच सांगायचं कुणाला सुचलं नाही. मी भयंकर संतापले होते.

देव्हाऱ्यातून पिना उचलल्या, अंगणात बसले आणि एकेक जागच्या जागी घातली. पक्कडीनं पाय वाकवले. सासरे बाजेवर बसून बघत होते. ते नवऱ्याला म्हणाले, "तिला म्हणाव, पुढल्या पोळ्यापासून आधी सांगत जाऊ."

"मामा," मी म्हणाले, "मी इथंच बसले आहे. मला सांगा."

नवरा खाली बघायला लागला. सासऱ्यांनी उपरणं काढून तोंड पुसलं. मग लग्नानंतर पहिल्यांदाच, चहा सोडून दुसरं काहीतरी बोलायला, त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"लई चुकलं माझं. पोरगी पडली असती."

मी पक्कड खाली ठेवली.

"मीही पडले असते, मामा."