गिरजाबाईंची खारी जित्राबं

गिरजाबाई माझ्या घरी आल्या की आधी काचेच्या टाकीत बोट बुडवायच्या, ते जिभेवर टेकवायच्या आणि दारात जाऊन थुंकून यायच्या. मग निकाल लागायचा. "आज जास्त झालंय," किंवा "बराबर हाय." पाण्याचा खारेपणा मोजायला माझ्याकडे कॉलेजातून सही करून आणलेलं काचेचं उपकरण होतं. त्याचा आकडा आणि बाईंची जीभ यांत क्वचितच फरक पडे. ही जीभ त्यांनी एका उन्हाळ्यात फार महागात कमावली होती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी रत्नागिरीकडची. मराठवाड्यातल्या वसमतच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. एम.फिल. वेळेत झालं तर कायम, नाहीतर गाशा गुंडाळून परत. विषय मी मोठ्या हौसेने निवडला होता: समुद्रापासून इतक्या लांब, घरी बनवलेल्या खाऱ्या पाण्यात तिसऱ्या किती तगतात, किती वाढतात. तिसऱ्या म्हणजे कोकणात आम्ही आवडीने खातो त्या लहान शिंपल्या. बारा जिवंत तिसऱ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, बर्फाच्या खोक्यात घालून, एस.टी. बदलत बदलत मी वसमतला आणल्या. माझी नोकरी त्या बारा जणींच्या हाती होती.

गिरजाबाई समोरच्या खोलीत राहत. सगळी हयात जवळच्या हट्टा गावच्या शिवारात मेंढरांमागे गेलेली. गुडघे थकले तेव्हा मुलाने दोन शेळ्या देऊन त्यांना वसमतला आणून ठेवलं. पहिल्या दिवशी त्या टाकीपुढे उकिडव्या बसल्या आणि यांचं तोंड कुठं, ह्या खातात काय, शेण कुठून टाकतात, असं एकेक विचारत गेल्या. मी वाळूतून वर आलेल्या दोन बारीक नळ्या दाखवल्या, एकीने पाणी आत घेतात आणि दुसरीने सोडतात म्हणून सांगितलं. सिद्धेश्वरच्या धरणातले शिंपले त्यांनी पाहिले होते, पण शिंपले पाळणारी बाई पहिल्यांदाच पाहत होत्या. तेव्हापासून माझ्या तिसऱ्या त्यांची 'जित्राबं' झाल्या आणि बरणीत उन्हात ठेवून हिरवं केलेलं पाणी हा त्यांचा 'चारा'.

बाईंची नजर कळपावर तयार झालेली होती. कोणती तिसरी वाळूत नीट रुतली नाही, कोणती नळ्या बाहेर काढत नाही, हे माझ्याआधी त्यांना दिसे. "चाऱ्यावर येत न्हाई ते आधी बाजूला काढावं," त्या म्हणत. एक मेली की पाणी नासून बाकीच्या जातात, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तरीही दया येऊन चालढकल करत होते.

मे महिन्यात आईचं ऑपरेशन निघालं. मला तीन आठवडे जावंच लागलं आणि टाकी गिरजाबाईंवर सोपवली. टाकीवर मी तांबडी रेघ ओढली. पाणी उडून रेघेखाली गेलं की साठवलेलं साधं पाणी रेघेपर्यंत घालायचं, सकाळी वाटीभर चारा, टाकीभोवती ओलं कापड. लाईट गेली आणि हवेचा पंप थांबला की मगाने पाणी उचलून वरून धार सोडायची. सगळं त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. साधंच पाणी का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

परत आले तर टाकीत सात होत्या. गिरजाबाईंनी पदराची गाठ सोडून पाच जोड्या माझ्यापुढे मांडल्या, धुतलेल्या, वाळवलेल्या. प्रत्येक जोडी लोकरीच्या दोऱ्याने बांधलेली आणि दोऱ्याला गाठी. मी गेल्याच्या कितव्या दिवशी ती मेली, तितक्या गाठी.

"वाट्यानं राखाया घेतलेलं मेंढरू मेलं, तर त्याचा कान दाखवावा लागतो, म्याडम. न्हाईतर धनी म्हन्तो, इकून खाल्लं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खाऱ्या मुलखातली जित्राबं आणि आपण रोज अळणी पाणी पाजून राहिलो, याने त्यांचा जीव कळवळला. मेंढरांपुढे ठेवतात तसा खडेमिठाचा मोठा खडा त्यांनी टाकीत ठेवला. लागेल तितकं चाटतील, बाकीचं तसंच राहील. दुसऱ्या दिवसापासून एकेक जाऊ लागली. तेव्हा त्यांनी पाणी चाखलं, खडा काढला, थोडं पाणी उपसून साधं घातलं, आणि उरलेल्या सात वाचवल्या. "पानी उडतं, मीठ तिथंच ऱ्हातं. मला आधी कळाया पाह्यजे हुतं," एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं, नोकरीसाठी आणि त्यांच्यासाठीही.

त्या गाठींमुळे माझं काम वाचलं. प्रत्येक मृत्यूचा दिवस आणि शिंपल्याचं माप हाती होतं. कारणाच्या रकान्यात मात्र मी 'उष्णता' लिहिलं. शेजारणीने मीठ टाकलं म्हटलं, तर परीक्षक प्रयोगच निकालात काढतील, ही भीती. वर मनाची समजूत घातली की बाईंचं नाव खराब नको. तोंडी परीक्षेत मरणाचे दिवस इतके नेमके कसे, म्हणून कौतुकही झालं. एम.फिल. मिळालं, नोकरी कायम झाली.

पेढे आणि बांधलेला प्रबंध घेऊन मी समोरच्या खोलीत गेले. बाईंनी पेढा बाजूला ठेवला आणि मेलेल्यांचं पान काढायला सांगितलं. इंग्रजी मजकूर मी मराठीत वाचून दाखवला. 'उन्हाने' या शब्दावर त्यांनी मला थांबवलं.

"मीठ काहून न्हाई लिवलं?"

मी म्हटलं, तुमच्यावर कशाला आळ.

त्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. आवाजात राग नव्हता. "तुमी ऊन लिवलं. आता हे वाचून पुढची बाई सावली करीन, अन् मिठाचा खडा टाकीन. तिची जित्राबं कशी जगतीन?"

दुसऱ्याच दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयातली प्रत मागून घेतली, 'उष्णता' खोडून वर खडा, दिवस, चूक, सगळं लिहिलं आणि सही केली. विद्यापीठातली प्रत दुरुस्त करा, असं पत्र लिहायचं मात्र आज-उद्या करत राहिले. कायम झालेली नोकरी जाईल की काय, अशी धास्ती होती. गिरजाबाई तीन वर्षांनी मुलाकडे, हट्ट्याला वारल्या. पत्र लिहिलं का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. विद्यापीठातल्या प्रतीत त्या पाच तिसऱ्या अजून उन्हानेच मेलेल्या आहेत.