सात नंबरची होडी

आमच्या सानलीथांगच्या धक्क्यावर होड्या सात आहेत आणि शेवटच्या होडीवर आकडा आहे आठ. चार नंबरची होडीच नाही. आमच्या चिनी बोलीत 'चार' आणि 'मरण' जवळपास सारखेच ऐकू येतात; चार म्हणजे मरणाचा आकडा, त्या होडीत कोण बसणार? एकतीस वर्षं मी इथं होड्यांच्या पाळ्या लावतो आहे. वाणिज्य शाळेतून नवा आलो तेव्हा पहिल्या दिवशी या गोष्टीवर हसलो होतो. त्यानंतर माझी मोजणी कधी चुकली नाही.

सात नंबरची होडी आच्याओवहिनींची. त्या माझ्याच वयाच्या, एकोणसाठच्या. अकराव्या वर्षी बापाच्या विटांच्या होडीवर वल्हं धरलं ते अजून सोडलेलं नाही. गाव बघायला पाहुण्यांना तिकीट लागलं आणि बायकांना निळे रुमाल बांधून होड्यांवर घेतलं, तेव्हा पहिलं नाव त्यांचं होतं. बाकीच्या बायका पाहुण्यांना गाणी म्हणून दाखवतात. या म्हणत नाहीत. "गाणं ऐकायचं असेल तर सहा नंबरात बसा, इथं नुसतं वल्हं मिळेल," म्हणतात.

नवरा लवकर गेला, मग मुलगाही आजारात गेला. सुनेनं तीन वर्षांच्या नातीला, यिनानला घेऊन सूचौ शहरात दुसरं घर केलं. त्याला आता आठ वर्षं झाली. पोरीला महिना झाला तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे तीन पुलांवरून तिला याच वहिनींनी फिरवून आणली होती.

वसंतात सूचौच्या एका शाळेची पाचवीची सहल यायची होती. आदल्या आठवड्यात वहिनी माझ्या खिडकीशी आल्या.

"फांगभाऊ, सुनेचा फोन आला होता. यिनान येतेय त्या सहलीत."

"अरे वा!"

"वा कसलं? म्हणाली, ओळख देऊ नका. पोर आताच्या बापालाच बाप समजते. मी शब्द दिलाय." मग खिडकीच्या कडेवर बोट फिरवत म्हणाल्या, "तेवढी माझ्या होडीत बसव. तोंडाला कुलूप लावीन मी. नुसतं बघीन."

एकतीस वर्षांत मी कुणासाठी पाळी हलवली नव्हती. हो म्हणालो.

शाळेची यादी आली. बेचाळीस मुलं, सहा-सहांच्या तुकड्या. मी तेवढं तिचंच नाव शोधलं. यिनान नावाची एकच मुलगी होती, कुओ यिनान. वहिनींच्या घरचं शन हे आडनाव जाऊन आताच्या बापाचं लागलं होतं. ते मी वहिनींना सांगितलं नाही. ती सातव्या तुकडीत होती. तुकड्या रांगेनं बसतात, म्हणजे सातवी तुकडी रांगेतल्या सातव्या होडीत जाणार, आणि त्या होडीवर आकडा आठ. वहिनींची होडी रांगेत सहावी. मी शाळेच्या बाईंना फोन केला आणि होडीच्या तोलाचं कारण सांगून यिनानला सहाव्या तुकडीतल्या एका मुलाच्या जागी घालायला लावलं.

"अहो, तिची मैत्रीण सातात आहे, रडेल ती," बाई म्हणाल्या.

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

सहलीच्या दिवशी वहिनी केसांना तेल लावून आल्या. रुमालाला इस्त्री होती. खिशात धुरीवर सुकवलेल्या हिरव्या सोयाबीनच्या दाण्यांच्या सहा पुड्या. एकीलाच दिली तर संशय येईल, म्हणून सहाही मुलांना.

सहा नंबरवरची रुआन ओरडली, "सात नंबर, लग्न ठरलं की काय गं? नवरा दाखव तरी!"

"तुझ्याच होडीत बसवलाय, तुझं गाणं ऐकून पळाला!" वहिनी म्हणाल्या. त्या दिवशी त्या हसत होत्या.

बाईंनी शिट्टी वाजवली. मुलं तुकडीचा आकडा लिहिलेल्या झेंड्यांमागं उभी राहिली. एक बसली, दोन बसली, तीन बसली. मग पाचाचा झेंडा पुढं आला.

"बाई, चौथी तुकडी?"

"चौथी कशी असेल? पालकांनी माझा जीव खाल्ला असता!"

सहाचा झेंडा रांगेत पाचवा होता, आणि पाचवी होडी रुआनची. रुआनच्या होडीत डोळे पुसत एक मुलगी चढली. मी पुढं झालो तोवर रुआननं दोर सोडला होता. सात नंबरात सातच्या झेंड्याची सहा परकी मुलं बसत होती. वहिनी एकेकीचा चेहरा बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हात वर केला आणि तो नुसता वरच राहिला.

आमचा कालवा अरुंद आहे. पुढच्या होडीला मागं टाकता येत नाही. उत्तर धक्क्यावर सहलीच्या बसगाड्या उभ्या असतात, तिथं मुलं उतरतात ती थेट गाडीत. मी काठाकाठानं चालत राहिलो. वहिनींना पुढं रुआनची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीपलीकडून पाण्यात सोडलेला एक लहान हात.

तिसऱ्या पुलाखाली वहिनींच्या होडीतली एक पोरगी उठून ओरडली, "कुओ यिनान! हात आत घे, बाई बघतायत!"

रुआनच्या आडून एक डोकं बाहेर आलं. रडून लाल झालेला चेहरा. "तू का नाही आलीस माझ्या होडीत?" ती मैत्रिणीला म्हणाली. वहिनींकडं तिचं लक्षही गेलं नाही.

वहिनींचं वल्हं थांबलं.

"आजी, होडी थांबली की!"

"शेवाळ अडकलं, बाळा. खा तू दाणे."

मी उत्तर धक्क्यावर पोचलो तोवर यिनानला घेऊन पहिली गाडी सुटली होती. मुलं उतरून गेली, तरी वहिनी होडीतच उभ्या होत्या.

"कुओ," त्या म्हणाल्या. "तुला ठाऊक होतं."

"हो."

"चुकलं कुठं?"

मला खोटं सांगता आलं असतं. "यादीत ती आधी सातातच होती, वहिनी. मीच हलवली."



"मग लिहिलं होतं तसं ठेवायचं होतं ना रे, भाऊ."

मागून आठ नंबरची हाक आली. त्यांनी बांबू रोवला, होडी काठाला घेतली आणि त्या होडीला वाट करून दिली.