पास्कलच्या उशाखालचे पासपोर्ट

वासण्याहून पास्कलच्या शेजाऱ्याचा फोन आला, "पास्कलभाई गया." मी खुर्चीत टेकतोय तोच पुढचा प्रश्न, "मंगळवारची प्रार्थना चालू राहील ना?" महिना होऊन गेला, पण तेव्हा आलेली किळस अजून गेलेली नाही...

पास्कल मूळचा वसईचा. बडोद्याला रेल्वेच्या कारखान्यात आम्ही दोघे फिटर. मी तिथल्याच पाणीगेटचा मराठा, तो ख्रिस्ती, डबा मात्र एकत्रच खायचो. त्याच्या वासण्यातल्या घराच्या ओसरीत आईने दिलेला संत अंतोनीचा हातभर पुतळा होता. या संताचं प्रार्थनेचं पुस्तक एका चेल्याने पळवलं, संताने प्रार्थना केली आणि चेला पस्तावून परत आला. म्हणून हरवलेल्या वस्तूंसाठी लोक त्याला साकडं घालतात, असं पास्कल सांगायचा. एकदा शेजारणीचं मंगळसूत्र तिथे हात जोडल्यावर पिठाच्या डब्यात सापडलं, आणि दर मंगळवारी बायका येऊ लागल्या. त्याची बायको, रोझीवहिनी, सगळ्यांना चहा करायच्या.

नव्वदनंतर मागणं बदललं. हरवलेलं शोधायला कोणी येईना. कुणाला अमेरिकेचा व्हिसा हवा, कुणाला अलकापुरीसारख्या महागड्या भागात दुकान. कोणीतरी उठवलं, की गुण पास्कलच्याच हाताला आहे. "माझ्या हाताला ग्रीस आहे!" तो ओरडायचा. लोक हसून पाया पडायचे. यकृताच्या आजाराने तो अंथरुणाला खिळला तरी थांबले नाहीत, उशाखाली पासपोर्ट सरकवायचे. शेवटच्या भेटीत खोलीत सात-आठ जण हात जोडून उभे होते. "अरे, यांना बाहेर काढ," पास्कल म्हणाला, "मला उलटी होतेय." मी सांगून पाहिलं. कोणी हललं नाही... तो सगळ्यांसमोर ओकला. एका बाईने त्याचं तोंड पुसलेला रुमाल पिशवीत टाकला.

दफनाआधी लोक रांगेने फुलं वाहून गेले, तेव्हा पेटीतल्या पास्कलच्या सदऱ्याची एक बाही कातरलेली दिसली. मी तोंडाला येईल ते बोललो. दोन दिवसांनी आमच्याच देवघरात एक पांढरं बटण सापडलं. "सगळेच घेत होते," माझी बायको मान खाली घालून म्हणाली. "आपल्या संजूची व्हिसाची मुलाखत आहे ना..."

मी बटण उचललं, आणि परत तिथेच ठेवलं. मुलाखत होईपर्यंत बटण मी देवघरातच राहू दिलं. हो, मीच. व्हिसा मिळाला. मग वासण्याला गेलो. रोझीवहिनींनी बटण तळहातावर घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"मीच लावलं होतं हे," त्या म्हणाल्या. "आता कशाला लावू, भाऊजी?"