गोदामातली मुलाखत

कोऱ्या पुठ्ठ्याचा वास आला की मला भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामातली ती मुलाखत आठवते. आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवायची आणि तिथल्याच काचेच्या केबिनमध्ये मी डेव्हलपर निवडत होतो. समोर भिवंडीतल्या एका लूम म्हणजे यंत्रमाग कामगाराची मुलगी बसली होती. पाच ठिकाणी तिला नकार मिळाला होता. फळ्यावरचं कोडं तिला सुटलं नाही. "नाही सांगून टाक," शेजारी बसलेले माझे साहेब मला हळूच म्हणाले. काचेपलीकडे फोर्कलिफ्टच्या गोंगाटात हमाल खोकी स्कॅन करत होते. त्यांची नोंद रोज खऱ्या मालापेक्षा जास्त भरायची आणि आम्ही दोन आठवडे कोडमध्ये चूक शोधत होतो. ती तिकडे पाहत म्हणाली, "सर, एकच खोकं दोनदा मारतायत ते. बीप ऐकूच येत नाय त्यांना. लूमच्या खडखडाटात आम्ही कानावर भरवसा ठेवत नाय, हाताने खुणा करतो." साहेब हसले. "मग स्कॅनरला हात बसवायचे का?" "नाय सर, स्कॅन झालं की आख्खा स्क्रीन हिरवा करा." मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तिने बदल केला आणि आम्ही तो एका स्कॅनरवर टाकला. "हां, अब दिखा," हमाल म्हणाला. हमालांची पाळी संपली तेव्हा त्या स्कॅनरची नोंद आणि खोकी तंतोतंत जुळली. साहेबांनी स्वतःच तिला विचारलं, "सोमवारपासून येशील?" आज ती आमच्या टीमची प्रमुख आहे. माझा कोड तीच तपासते आणि बहुतेक वेळा परत पाठवते.